पहिली वाटी कोणाची?

चिचगडच्या आकाशांतून हिम कधीं पडत नाहीं. अमेरिकेच्या उत्तर भागांत मुलें अंगणांतलें ताजें हिम वाडग्यांत भरून घेतात, त्यांत दूध-साखर कालवतात आणि तेंच आईस्क्रीम म्हणून खातात. त्या हिमाचें मोल कोणी मागत नाहीं. आपल्याकडे मात्र गारवा प्रथम श्रीमंतांच्याच दारीं उतरला. अकबराच्या लाहोरच्या मुक्कामीं तो पहाडांतून वाहून आणीत. १८३३ सालीं बोस्टनहून ‘टस्कनी’ जहाज सुमारें १८० टन बर्फ घेऊन निघालें. कलकत्त्यास त्यांतला १०० टनांच्या आसपास पोंचला. पुढच्या वर्षीं मुंबईस जमशेटजी जिजीभाई यांनीं मेजवानींत आईस्क्रीम वाढलें व त्यापायीं यजमान-पाहुण्यांस पडसें झालें, अशी आख्यायिका आहे!

घरच्या पॉटांत हाच प्रश्न लहान होऊन येतो. लांकडी बादलींत बर्फ नि खडेमीठ, मधें आटवलेल्या दुधाचा डबा. मिठामुळें बर्फ शून्य अंशाखालींही वितळत राहतो आणि त्यास लागणारी उष्णता दुधांतून ओढून घेतो. पण दांडा कोणी तरी फिरवावाच लागतो. ज्या घरीं गडी असे, तेथें तें काम बहुधा त्याच्याकडे जाई आणि डब्याच्या तळाशीं उरलेलें पातळ त्याच्या वाट्यास येई. कोणी म्हणेल, त्यास वेतन मिळत होतेंच कीं! मिळत होतें, परंतु वेतनानें हाताचे कष्ट फिटतात, समोर बसून दुसऱ्यांचें खाणें पाहण्याचे फिटत नाहींत. दूध घट्ट होऊं लागलें कीं दांडा जड होतो, आणि हौसेनें जमलेलीं मुलें नेमकीं तेव्हांच पांगतात. शेवटचे वळसे ज्याचे, पहिली वाटी त्याची, असें मला वाटतें. मग तो गडी असो कीं घरधनी.