दादा, काहून विकून राहिले?

कॅमेरा कधी विकायचा, या प्रश्नाचं एक उत्तर हिशेबी माणूस देतो: भाव पडायच्या आधी. दुसरं हळवा माणूस देतो: विकूच नको, पुढे हळहळशील. गेले काही महिने मी ही दोन्ही उत्तरं आलटूनपालटून ऐकतो आहे, कधी मित्रांकडून, बहुतेक वेळा स्वतःकडूनच. दोन्ही उत्तरं फक्त विकणाऱ्याची काळजी करतात, एक त्याच्या पैशांची आणि दुसरं त्याच्या मनाची. पण वस्तू विकताना किंवा ठेवताना आणखीही माणसं गुंतलेली असतात. त्यांना धरून हिशेब मांडला तर प्रश्नच बदलतो, असं मला वाटू लागलं आहे.

आधी माझं सामान सांगतो. कॅनन ८०डी, त्यासोबतची साधी झूम, एक ५० एमएम आणि जवळपास दोन किलो वजनाची सिग्मा १५०-६०० टेली लेन्स. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत घेतलेलं. आम्ही राहतो हुडकेश्वरला, उमरेड रोड जवळच. पहाटे साडेचारला निघालं की गेट उघडायच्या आत कऱ्हांडल्याला पोचता यायचं. ‘जय’ नावाचा प्रसिद्ध वाघ २०१६ मध्ये दिसेनासा झाला होता, पण त्याच्या गोष्टी सांगणारे गाइड होते आणि त्या ऐकत जिप्सीत बसायला आम्ही होतो. वाघ फार थोडे मिळाले, नीलगाय आणि सर्पगरुड भरपूर.

मग मिहानमधल्या नोकरीत टीम बदलली. रात्रीच्या मीटिंगा अमेरिकेच्या वेळेने आणि शनिवार झोपेत. कॅमेरा कपाटात गेला. त्यात काही शोकांतिका नाही, आयुष्यात असं होतं. या वर्षी मात्र धाकट्या बहिणीची नर्सिंगची फी, घराचा हप्ता आणि बाबांची निवृत्ती एकाच वेळी समोर आली, आणि कपाटातलं सामान मला पैशांत दिसायला लागलं.

माझ्या धंद्यात या प्रश्नाचा एक जुळा भाऊ आहे. कॉम्प्युटरची मेमरी भरली की नव्यासाठी जागा करायला जुनं काहीतरी बाहेर काढावं लागतं. काय काढायचं? १९६६ मध्ये लास्लो बेलाडी यांनी याचं सर्वोत्तम उत्तर मांडलं: ज्याची गरज सगळ्यात उशिरा पडणार, ते काढा. अडचण एवढीच की त्यासाठी पुढचं सगळं आधीच माहीत असावं लागतं. म्हणून प्रत्यक्षात एक कामचलाऊ नियम वापरतात: जे सगळ्यात जास्त काळ कुणी मागितलेलं नाही, ते काढा. मागे काय झालं यावरून पुढचा अंदाज बांधायचा. माझ्या कॅमेऱ्याला शेवटचा हात लागला त्याला चौदा महिने झाले होते. नियमाने निकाल दिला.

पण मेमरीतून बाहेर काढलेलं पान कुणी विकत घेत नाही. कॅमेरा घेतो. हा फरक मोठा आहे.

सेकंडहँड बाजार कसा चालतो ते बघा. लेन्स कॅमेऱ्यावर जिथे फिरवून बसते त्या कडीला माउंट म्हणतात. कॅननचा ईएफ माउंट १९८७चा, निकॉनचा एफ माउंट १९५९चा. २०१८ मध्ये दोन्ही कंपन्यांनी मिररलेस कॅमेऱ्यांसाठी नवे माउंट आणले, आरएफ आणि झेड. २०२० नंतर कॅननने नवा डीएसएलआर आणलेला नाही. जुनी लेन्स अडॅप्टर लावून नव्या कॅननवर चालते, तिची काच काही खराब झालेली नाही, पण भाव उतरतो, कारण कंपनीचं लक्ष आता दुसरीकडे आहे. मला हे माहीत आहे. म्हणूनच मला लवकर विकायचं होतं.

आता इथे थांबून विचारू. भाव पडायच्या आधी विकलं तर पडणारा भाव थांबतो का? नाही. तो तोटा माझ्या कपाटातून उठून दुसऱ्याच्या कपाटात जाऊन बसतो. ‘योग्य वेळी विकणं’ याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो, की हा तोटा माझ्यापेक्षा कमी माहिती असलेल्या माणसाच्या हवाली करणं.

हा प्रश्न डीएसएलआरपेक्षा बराच जुना आहे. रोमन लेखक सिसेरो याने इसवी सनपूर्व ४४ मध्ये कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात एक व्यापारी आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडलाय आणि हा अलेक्झांड्रियाहून धान्याचं जहाज घेऊन तिथे पोचतो. येताना त्याने पाहिलंय की धान्य भरलेली आणखी जहाजं मागून येताहेत. लोकांना हे सांगावं, की गप्प राहून चढ्या भावाने माल विकावा? सिसेरो दोन तत्त्ववेत्त्यांना समोरासमोर उभं करतो. बॅबिलोनचा डायोजेनिस म्हणतो, कायद्याने सांगायला लावलेले दोष सांगा, खोटं बोलू नका, बाकी माल तुमचा आहे, चांगल्यात चांगला भाव घ्या. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, विकणाऱ्याला जे ठाऊक आहे ते सगळं घेणाऱ्यालाही कळलं पाहिजे. सिसेरो शिष्याच्या बाजूने जातो. त्याचं म्हणणं साधारण असं: नुसतं न बोलणं म्हणजे लपवणं नाही. पण जे कळण्यात दुसऱ्याचं हित आहे, ते आपल्या फायद्यासाठी त्याला कळू न देणं म्हणजे लपवणंच.

मागून येणारी जहाजं म्हणजे माझ्या गोष्टीतले मिररलेस कॅमेरे.

माझ्याकडे आलेला पहिला गिऱ्हाईक आमच्याच भागातला, विशी-एकविशीचा पोरगा. लग्नाच्या फोटोग्राफरकडे हाताखाली काम करतो, लाइट धरतो, बॅगा उचलतो. स्वतःचा कॅमेरा झाला की रोजी वाढते, हे त्याचं साधं गणित. त्याने कॅमेरा हातात घेतला, शटरचा आवाज ऐकला आणि विचारलं, “दादा, चांगला तं आहे. मंग काहून विकून राहिले?”

सेकंडहँड बाजारातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. शटर किती वेळा पडलंय ते शोधता येतं (८०डीच्या शटरची क्षमता कंपनी एक लाख क्लिक सांगते). लेन्समध्ये टॉर्च मारून बुरशी बघता येते. पण विकणाऱ्याच्या मनात काय आहे ते बघायला टॉर्च नाही. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन दाखवलं, की विकणाऱ्याला जास्त आणि घेणाऱ्याला कमी माहिती असेल तर हळूहळू चांगला माल बाजारातून निघूनच जातो, कारण कुणीच कुणावर विश्वास ठेवत नाही. पुढे २००१ साली ते नोबेलचे एक मानकरी झाले. त्या पोराने तेच चार शब्दांत विचारलं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. माहिती आज प्रत्येकाच्या खिशात आहे. पोराकडे फोन आहे, त्याने शोधावं. मी त्याचा पालक आहे का? बाजारात दोघंही मोठी माणसं असतात. शिवाय सगळंच सांगायचं म्हटलं तर घासाघीस कशी होणार? मी किती खाली उतरायला तयार आहे हेही सांगू का?

मला यातून एक रेघ सापडली. वस्तूबद्दल जे खरं आहे, त्यावर घेणाऱ्याचा हक्क. माझ्या खिशाबद्दल जे खरं आहे, त्यावर माझा. मला पैशांची किती निकड आहे, कमीत कमी कितीला देईन, हे माझं. कॅमेरा त्याच्या कामाला पुरेल का, हे त्याचं. आणि ‘फोनवर शोधावं’ हे म्हणणं अर्धंच खरं आहे, कारण काय शोधायचं हे ज्याला माहीत असतं त्यालाच ते सापडतं. मी जंगलात फोटो काढत होतो, तो मांडवात काढणार. ८०डीवर फोर-के व्हिडिओ नाही, फुल एचडीवर थांबतो. कार्डाची जागा एकच आहे. वाघाचे फोटो गेले तर मला हळहळ वाटेल, पण कुणाच्या सप्तपदीचं कार्ड उडालं तर त्याला पुन्हा काम मिळणार नाही. नवा माउंट आलाय आणि दोन वर्षांनी हा कॅमेरा विकायला काढलास तर आजच्याएवढे येणार नाहीत, हेही त्याच्या कामाचं होतं.

हे सगळं सांगायचं म्हणजे भाव उतरणार, हे मला दिसत होतं. आणि तो भाव काही माझा एकट्याचा नव्हता. मी प्रामाणिकपणाचं समाधान मिळवायचं आणि त्याचे पैसे बहिणीच्या फीतून जायचे, हाही एक सोयीस्कर व्यवहारच झाला असता. म्हणून आधी तिला विचारलं. ती म्हणाली, “सांगून टाक. नाहीतर रस्त्यात भेटला की तोंड लपवत फिरशील.” त्याला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला की त्याचा मालक व्हिडिओ वेगळ्याच माणसाकडून करवतो, त्याला फोटोच काढायचे आहेत. मी ३८ हजार म्हटले होते, व्यवहार ३२ ला झाला, झूम आणि ५० एमएम धरून. टेली लेन्स त्याने उचलूनही पाहिली नाही. “लग्नात वाघ थोडीच राहते, दादा.”

हा झाला विकण्याचा भाग. न विकण्यालाही किंमत असते, आणि ती कुणाच्या नावावर पडते हे आपण क्वचितच विचारतो. बंद कपाटातली लेन्स जपलेली असते हा समज आहे. बुरशीला अंधार लागतो, दमटपणा लागतो आणि हालचाल नसणं लागतं. पावसाळ्यातलं कपाट तिला तिन्ही देतं. ती काचेवरचा लेप खाते. म्हणजे ‘आठवण म्हणून ठेवलंय’ असं म्हणत आपण ती वस्तू सावकाश संपवतच असतो.

मराठी माणसाच्या कॅमेऱ्याच्या इतिहासात या दोन वाटांची दोन माणसं आहेत. पहिले हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांना सावे दादा म्हणत. मुंबईतले व्यावसायिक छायाचित्रकार. त्यांनी लंडनहून २१ गिनी मोजून चलत्‌चित्रांचा कॅमेरा मागवला, १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली, १९०१ मध्ये केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजपे यांचं स्वागत टिपलं. पुढे त्यांनी चित्रीकरणाची सामग्री विकून टाकली आणि गेईटी थिएटर चालवायला घेतलं. कॅमेरा हातात राहिला नाही, तरी भारतीय चित्रपटाचा इतिहास आजही त्यांच्यापासून सुरू करतात. काढलेली चित्रं विकलेल्या यंत्राबरोबर जात नाहीत.

दुसरे दादासाहेब फाळके. १९१२ मध्ये त्यांनी इंग्लंडहून विल्यमसन कॅमेरा आणला, वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपून लोकांना दाखवली, आणि कॅमेरा चालू राहावा म्हणून बाकी सगळं पणाला लावलं. त्यात सरस्वतीबाईंचे दागिने गेले. ३ मे १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. आपण ही गोष्ट फाळक्यांच्या जिद्दीची म्हणून सांगतो. मला ती सरस्वतीबाईंच्या बाजूने बघावीशी वाटते. कॅमेरा ठेवण्याची किंमत त्यांनी भरली. पण त्या फिल्मला भोकं पाडायला आणि ती धुवायला शिकल्या होत्या, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळत होत्या. दागिने कशात चालले आहेत हे त्यांना बाहेरून कळलं नव्हतं. त्या स्वतः त्या कामात होत्या.

माझ्या लेखी सगळा प्रश्न इथे येऊन ठरतो. वस्तू ठेवण्याची किंमत बहुतेक वेळा घरातलं कुणीतरी भरतं, विकण्याची किंमत बाहेरचं कुणीतरी. यातून सुटका नाही, कारण फुकट असा पर्यायच नाही. तेव्हा ‘कधी विकू’ याच्या आधी ‘कोण भरतंय’ हे विचारावं, आणि जो भरतोय त्याला ते माहीत आहे का हेही. सरस्वतीबाईंना माहीत होतं, म्हणून ते ठेवणं मला चुकीचं वाटत नाही. पोराला आणि बहिणीला माहीत होतं, म्हणून हे विकणं वाटत नाही. फी न भरलेल्या बहिणीला न विचारता मी कॅमेरा ‘छंद’ म्हणून कपाटात ठेवला असता, तर तो छंद तिच्या पैशांवर चालला असता.

टेली लेन्स अजून माझ्याकडे आहे. ती बहुधा सीताबर्डीवरच्या एखाद्या दुकानदाराकडे जाईल. त्याला या बाजारातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं, त्याला माउंटची गोष्ट सांगायची गरज नाही. तिथे मी बिनधास्त घासाघीस करीन. जिथे दोघांना सारखं माहीत आहे तिथे चढा भाव मागण्यात काही पाप नाही. दुकानदार काहून विकून राहिले म्हणून विचारणारही नाही, पण तुम्ही काही विकायला काढाल तेव्हा एकदा स्वतःला तो प्रश्न विचारून बघा. जे उत्तर घेणाऱ्याच्या तोंडावर सांगता येईल, ते तयार झालं की वेळ आली असं समजा.