आपल्याच माणसांचा सल्ला



येशूने आपल्या दुःखसहनाविषयी शिष्यांना सांगितले, तेव्हा त्याला अडवायला कोणी परुशी पुढे आला नाही, पेत्र आला. प्रेमापोटीच त्याने गुरूला बाजूला घेतले. प्रभूने त्याला किती कठोर शब्दांत झिडकारले, हे मत्तयच्या शुभवर्तमानात आपण अनेकदा ऐकले आहे. शत्रूचा विरोध ओळखता येतो. पण आपल्याच माणसांनी आपल्या भल्यासाठी दिलेला सल्ला देवाच्या हाकेच्या आड आला, तर काय करावे?

ऑस्ट्रियातील सेंट रादेगुंड या खेड्यातल्या फ्रान्झ येगरश्टेटर नावाच्या शेतकऱ्यापुढे हाच प्रश्न उभा राहिला. तरुणपणी तो फारसा भाविक म्हणून ओळखला जात नव्हता. गावात पहिली मोटारसायकल त्याने आणली, एवढीच त्याची कीर्ती! 1936 साली फ्रांझिस्काशी लग्न झाले आणि दोघे मिळून प्रार्थना व बायबलवाचन करू लागले. पुढे तो गावच्या चर्चमध्ये मिस्साची तयारी करण्याची सेवा करू लागला. 1938 साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर जे मतदान झाले, त्यात अख्ख्या गावातून विरोधी मत एकच पडले. ते फ्रान्झचे होते.

लष्करी प्रशिक्षण घेऊन तो 1941 मध्ये घरी परतला, तेव्हा त्याचा निश्चय झाला होता: हे युद्ध अन्यायाचे आहे, हिटलरसाठी शस्त्र हाती धरायचे नाही. मग सल्ल्यांचा पाऊस पडला. आई रडली, नातलगांनी समजावले. धर्मगुरूंनीही त्याला परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. शेवटी तो लिंत्सच्या बिशपांना जाऊन भेटला. त्यांनीही सांगितले की युद्ध न्याय्य की अन्याय्य हे ठरवणे सामान्य नागरिकाचे काम नव्हे. त्याने आपल्या कुटुंबाची जबाबदारी पाहावी.

यातले कोणी वाईट नव्हते. बिशपांना भेकड म्हणणेही मला योग्य वाटत नाही. त्या दिवसांत एका शब्दावरून धर्मगुरू तुरुंगात जात होते. आणि त्यांचा मुद्दा खोटा कुठे होता? घरात तीन लहान मुली होत्या. बाप गेला तर त्यांना कोण पाहणार? या प्रश्नाला सोपे उत्तर नाही, आणि फ्रान्झनेही ते सोपे असल्याचा आव आणला नाही. बायकामुले आहेत म्हणून देवाचा अपराध करण्याची मुभा मिळते, हे मात्र त्याला पटेना. आपणही ‘संसारी माणसाने थोडे जमवून घ्यावे’ असे म्हणतो, मग ती टेबलाखालची पाकिटे असोत की मठात जाऊ पाहणारी मुलगी.

हट्टी माणूसही कुणाचे ऐकत नाही. मग फरक कसा ओळखावा? फ्रान्झने सल्ला टाळला नाही, तो स्वतः सल्ला मागत फिरला. सल्ला देणाऱ्यांचा त्याने तिरस्कार केला नाही, चर्चशी भांडण मांडले नाही. रुग्णसेवक म्हणून सैन्यात काम करण्याची तयारीही त्याने दाखवली, पण तिचा उपयोग झाला नाही. जिथे वाकता येत होते तिथे तो वाकला. एका जागी मात्र वाकला नाही.

1 मार्च 1943 रोजी त्याने लष्करी छावणीत जाऊन नकार कळवला. 9 ऑगस्ट 1943 रोजी ब्रांडेनबुर्गच्या तुरुंगात त्याचा शिरच्छेद झाला. वय 36.

फ्रांझिस्कानेही सुरुवातीला त्याचे मन वळवू पाहिले होते. पण याच्या बाजूने उभे राहायला दुसरे कोणीच नाही, हे ध्यानात आल्यावर ती त्याच्या पाठीशी राहिली. तिची शिक्षा नंतर सुरू झाली. तिच्यामुळेच हा असा वागला, असे लोक म्हणत. युद्धात मेलेल्या सैनिकांच्या विधवांना मिळणारे निवृत्तिवेतन तिला 1950 पर्यंत मिळाले नाही. मुली वाढवायच्या, शेत कसायचे आणि बोलणी खायची. पाचारण एकाला आले, त्याची किंमत दोघांनी मोजली. आपण फ्रान्झचे कौतुक करतो तेव्हा हे विसरतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपुढे 1965 साली हा दाखला मांडला तो मुंबईचे माजी आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांनी. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र नाकारणाऱ्यांसाठी कायद्यात माणुसकीची तरतूद असावी, असे परिषदेने आपल्या दस्तऐवजात नमूद केले. 26 ऑक्टोबर 2007 रोजी लिंत्सच्या कॅथेड्रलमध्ये फ्रान्झला धन्यवादित घोषित करण्यात आले. 94 वर्षांची फ्रांझिस्का तिथे हजर होती. 2013 साली, शंभरी पूर्ण करून, तिने डोळे मिटले.

फ्रान्झचा सण 21 मे रोजी असतो. रक्तसाक्षींचा सण बहुधा मृत्यूच्या दिवशी येतो. हा त्याच्या बाप्तिस्म्याचा दिवस आहे.