पैसे सुटण्याआधी आणि सुटल्यानंतर

खरेदीच्या व्यवहारात दोन्ही बाजू कागदावर समान असतात, प्रत्यक्षात नसतात. मालात काय खोट आहे आणि तो बिघडला तर दुरुस्तीला किती लागेल, हे विकणाऱ्याला ठाऊक असते. घेणाऱ्यापाशी फक्त पैसे असतात, आणि ते हातातून गेले की त्याचे बळही संपते. ही तफावत भरून काढणे एवढेच ग्राहक संरक्षणाच्या कायद्याचे काम आहे.

भारतात हे काम बराच काळ १८७२चा करार कायदा आणि १९३०चा मालविक्री कायदा यांच्यावर सोपवलेले होते. म्हणजे बिघडलेल्या पंख्यासाठीही दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागे, आणि पंख्याच्या किमतीपेक्षा वकिलाची फी जास्त होई. या अडचणीला संघटित उत्तर देण्यात महाराष्ट्र पुढे होता. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. पाठोपाठ मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि घराघरांचे संघ करून एकत्रित खरेदी व वाटप होऊ लागले. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन मानतात. आज लागू आहे तो २०१९चा कायदा. त्याची अंमलबजावणी जुलै २०२० मध्ये सुरू झाली.

या कायद्याचे संरक्षण मोबदला देऊन वस्तू किंवा सेवा घेणाऱ्याला मिळते. पुन्हा विकण्यासाठी किंवा धंद्यासाठी माल घेणारा त्यात बसत नाही. मात्र स्वतः राबून पोट भरण्यासाठी रिक्षा किंवा शिलाई मशीन घेणारा ग्राहकच ठरतो. सेवांची व्याप्ती न्यायालयांनी वाढवत नेली. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा कायद्याखाली आणली. वकिलाची सेवा मात्र २०२४च्या निकालाने बाहेर ठेवली. रुग्णाला जो मार्ग खुला आहे तो पक्षकाराला का नसावा, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्या निकालानंतरही मिळालेले नाही.

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी गल्लोगल्ली दिसते. सदोष मालाच्या बाबतीत ती पाटी निरर्थक आहे. बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणे हीदेखील तशीच प्रथा आहे. याची दुसरी बाजूही माहीत हवी. साडीचा रंग घरी आल्यावर आवडला नाही, एवढ्या कारणाने ती परत करण्याचा सरसकट हक्क भारतीय कायद्यात नाही. तिथे दुकानाच्या किंवा ऑनलाइन विक्रेत्याच्या धोरणावरच अवलंबून राहावे लागते.

बिलाचे मोल सोन्याच्या खरेदीत सर्वांत स्पष्ट दिसते. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क असलेल्या दागिन्यावर तीन खुणा लागतात: भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा (बावीस कॅरेटसाठी २२के९१६) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. हा क्रमांक प्रत्येक दागिन्याचा वेगळा असतो आणि ब्युरोच्या बीआयएस केअर या अ‍ॅपवर टाकून तपासता येतो. दागिना नंतर कमी शुद्धतेचा निघाला तर, विकलेल्या वजनावर जेवढी तूट येते तिच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मागता येतो. धनत्रयोदशीच्या गर्दीत तीन टक्के जीएसटी वाचतो म्हणून कच्च्या चिठ्ठीवर दागिना घेणारा ही सगळी भरपाई त्या तीन टक्क्यांसाठी सोडून देतो. चिठ्ठीवर वजन, शुद्धता आणि घडणावळ वेगवेगळी लिहिलेली नसेल तर तूट मोजायची कशावरून?

पैसे कसे दिले यावरही ग्राहकाची बाजू कमीअधिक भक्कम होते, आणि याचा विचार फार कमी केला जातो. रोख रकमेचा बिलाशिवाय माग राहत नाही. क्रेडिट कार्डावर पैसा आधी बँकेचा जातो. वस्तू आलीच नाही किंवा दोनदा रक्कम कापली गेली, तर ठरलेल्या मुदतीत बँकेकडे तो व्यवहार अमान्य करून चार्जबॅक मागता येतो. मोठ्या आगाऊ खरेदीला म्हणूनच कार्ड बरे. हप्त्यांवरील खरेदीत दोन करार असतात, एक विक्रेत्याशी आणि दुसरा कर्ज देणाऱ्याशी. फ्रिज बंद पडला तरी हप्ता बंद होत नाही. ‘नो कॉस्ट’ म्हटल्या जाणाऱ्या हप्त्यातही व्याज असते. ते सहसा रोखीवर मिळू शकणारी सूट गिळून भागवलेले असते.

२०१६ साली आलेल्या यूपीआयने भाजीच्या गाडीपर्यंत क्षणात पैसे पोचवले. पण तो क्षण परत फिरवता येत नाही, आणि फसवणूक नेमकी तिथेच होते. जुने सोफे विकायला काढलेल्या माणसाला ‘पैसे पाठवतो, पिन टाका’ असा फोन येतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो देण्यासाठी लागतो.

तांत्रिक बिघाडाचे नियम वेगळे आहेत आणि ते ग्राहकाच्या बाजूचे आहेत. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार खात्यातून रक्कम वजा होऊन समोरच्याला मिळाली नाही, तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यावी लागते. दुकानदाराला दिलेल्या पैशांसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. त्यापुढे दररोज १०० रुपये भरपाई ग्राहकाने न मागताही द्यायची आहे. २०१७च्या परिपत्रकाने आणखी एक आधार दिला. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, अशी फसवणूक तीन कामकाजाच्या दिवसांत कळवली तर ग्राहकावर काहीही बोजा येत नाही. ओटीपी स्वतःच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून १९३० या सायबर मदत क्रमांकावर आणि बँकेकडे तक्रार करताना मिनिटेही महत्त्वाची असतात.

विक्रेत्याशी बोलून सुटत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथेही मार्ग निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, म्हणजे लोकांच्या बोलण्यातला ग्राहक मंच. वस्तू वा सेवेसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्ह्यात, दोन कोटींपर्यंत राज्य आयोगात आणि त्यापुढे राष्ट्रीय आयोगात दाखल होते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. कंपनी गुरुग्रामची असली तरी सोलापूरचा ग्राहक सोलापुरातच तक्रार करू शकतो, आणि २०१९च्या कायद्याने दिलेली ही सर्वांत मोठी सोय आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र यावे लागते. तारीखवार हकिगत, बिल, वॉरंटी कार्ड, ईमेल, बँकेच्या नोंदी आणि प्रतिज्ञापत्र एवढ्यावर काम सुरू होते.

तीन महिन्यांत, आणि प्रयोगशाळेची तपासणी लागली तर पाच महिन्यांत, निकाल लागावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्षे जातात, कारण आयोगांवरील अध्यक्ष-सदस्यांच्या जागा वेळेवर भरल्या जात नाहीत. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून याची दखल घ्यावी लागली. जिल्हा आयोगाच्या निकालावर अपील करणाऱ्या कंपनीला आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते, आणि आदेश न पाळणाऱ्याला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे अधिकार आयोगाकडे आहेत. ते वापरायला खुर्चीवर माणूस नेमणे ही सरकारची जबाबदारी आहे.