सरासरीत हरवलेला क्षार

शिरोळ-वाळव्याच्या कृष्णाकाठाला उन्हाळ्यात काळ्या रानावर पांढरी पापडी धरते. ती सगळ्या रानावर नसते. ओढ्याकडच्या सखल अंगाला उसाचे कोंब करपलेले असतात आणि वरच्या मुरमाड उताराला तोच ऊस जोमात असतो. वर्षानुवर्षे पाटपाणी मुरते, सखलात भूजल वर येते, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतो. मालकाला तो पट्टा पावलागणिक ठाऊक असतो.

माती-परीक्षणाच्या अहवालात मात्र तो सापडत नाही. नागमोडी चालत आठ-दहा खड्डे घ्यायचे, माती एकत्र कालवायची, चौथाई करत अर्धा किलो ठेवायची, ही नमुन्याची रूढ रीत. खताच्या मात्रेला ती पुरते, क्षाराच्या बाबतीत घात करते. दहातल्या दोन खड्ड्यांची विद्युत वाहकता 5 डेसीसायमन प्रति मीटर आणि आठांची 0.5 असेल, तर सरासरी 1.4 येते. संपृक्त अर्कातली क्षारपडीची मर्यादा 4. म्हणजे करपलेल्या रानाला निरोगीपणाचा दाखला! रंग-उतार बदलला की नमुना वेगळा घ्यावा, ही सूचना असते. घाईत तीच गळते. 2015च्या मृद आरोग्य पत्रिका योजनेत बागायतीला अडीच हेक्टरच्या चौकटीमागे एक नमुना धरला होता. महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा तेव्हा 1.34 हेक्टर होती, म्हणजे एका नमुन्यात एकाहून जास्त मालकांची राने येऊ शकत.

शेतात थेट यंत्र फिरवून वाहकतेचा नकाशा काढता येतो, आणि तो काढावाच. पण त्या आकड्यात क्षाराबरोबर ओल, चिकणमाती आणि तापमानही उतरते. भारी काळी जमीन क्षार नसतानाही मुरमाडापेक्षा जास्त वाहकता दाखवते. त्यामुळे नकाशावर गडद डाग दिसला की तिथे खोदून, थराथराची माती तपासावी लागते. उलट चोपण जमिनीत वाहकता 4च्या आत असते, सामू मात्र 8.5च्या वर, आणि सोडियमने मातीची घडण मोडलेली. तिला जिप्सम हवे. नुसत्या खारवट जमिनीला निचरा आणि धुवून काढणारे पाणी. ही निवड चुकली की कर्ज काढून केलेला खर्च मातीत जातो.

शिवाय क्षार बांध पाहून थांबत नाही. सखल रानातली निचऱ्याची नळी ओढ्यापर्यंत न्यायची तर ती शेजाऱ्याच्या रानातून जाते, त्याची संमती लागते. म्हणून मोजणी गटनंबरावर नको, उतारावर हवी. वरच्या पाटापासून खालच्या ओढ्यापर्यंत, सगळ्या मालकांना बरोबर घेऊन.