आत्मविश्वास कोणी द्यावयाचा?

शारीरिक व्यंग असलेल्या व्यक्तींविषयी बोलणे निघाले की एक वाक्य हमखास कानी येते : ‘त्यांच्यात आत्मविश्वास निर्माण केला पाहिजे.’ वाक्यामागील हेतू चांगला आहे. परंतु त्यात असे गृहीत धरलेले असते की, आत्मविश्वास ही धडधाकट माणसांजवळ शिलकीत पडलेली एखादी वस्तू आहे आणि मेळाव्यात दोन भाषणांबरोबर ती समोरच्याच्या हाती ठेवता येते. आम्हांला हे पटत नाही. आत्मविश्वास मुळात खच्ची कसा होतो, हे आधी पाहावयास हवे.

तो बहुधा प्रेमानेच खच्ची होतो. चाकाच्या खुर्चीत बसलेला चाळिशीचा माणूस समोर असताना ‘याला चहा चालेल ना?’ असे आपण त्याच्या आईला विचारतो. आईही उत्तर देते. तिने त्याचे ताट वाढून, घास मोडून, बटणे लावून त्याला वाढविले. त्यात दुष्टावा तिळमात्र नाही. पण वीस-तीस वर्षे ज्याचे होय-नाही दुसऱ्यानेच सांगितले, त्याला आपल्या होकाराला किंमत आहे असे वाटावे तरी कसे? ज्याच्या हातून कधी पेला पडू दिला नाही, तो पेला सावरावयास कुठे शिकणार? येरीहोच्या वाटेवरील बार्तिमय आंधळा आहे, हे सर्व जमावाला दिसत होते. त्याला काय हवे असणार, हे विचारण्याचे कारणच नव्हते. तरीही प्रभू येशूने ते त्यालाच विचारले. त्याला गप्प बसविणारे लोक मात्र त्याच्यावतीने बोलावयास केव्हाही तयार असावेत!

या संदर्भात लुई ब्रेल यांची हकिकत मनन करण्याजोगी आहे. १८०९ साली फ्रान्समधील एका खेड्यात, घोड्यांचे साज शिवणाऱ्या कारागिराच्या घरी ते जन्मले. तीन वर्षांचे असताना वडिलांच्या हत्यारांशी खेळताना आर डोळ्यात घुसली आणि पुढे दुसऱ्या डोळ्याचीही दृष्टी गेली. दहाव्या वर्षी ते पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाले. त्या शाळेत अंधांसाठी पुस्तके होती, हे विशेष. कागदावर उठाव दिलेली मोठमोठी अक्षरे बोटांनी चाचपून मुले वाचीत. पण ती अक्षरे डोळसांचीच होती, डोळसांनी योजलेली. वाचन कमालीचे संथ चाले आणि मुलांना स्वतः लिहिणे तर जवळजवळ अशक्यच. पुढे एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने बारा टिंबांची एक पद्धत शाळेपुढे ठेवली. ब्रेल यांनी ती तपासली, तिच्यातील दोष हेरले आणि वयाच्या पंधराव्या वर्षी सहा टिंबांत सारी वर्णमाला बसविली. आता अंध मुलगा पत्र लिहू शकत होता, टिपणे काढून स्वतःच पुन्हा वाचू शकत होता, संगीताचे स्वर उतरवून घेऊ शकत होता. स्वतः ब्रेल शिक्षक झाले, चर्चमध्ये ऑर्गन वाजवू लागले. शाळेच्या चालकांनी मात्र मध्यंतरी या लिपीला मज्जाव केला. मुले ती लपूनछपून वापरीत राहिली. १८५२ साली ब्रेल निवर्तले आणि शाळेने ती अधिकृतपणे स्वीकारली १८५४ साली! भारतीय भाषांसाठी एकच ‘भारती ब्रेल’ १९५१ मध्ये ठरली. मराठीही त्याच सहा टिंबांत लिहिली जाते. त्या मुलांना आत्मविश्वासावर व्याख्यान कोणी दिले नव्हते. त्यांच्या हाती लेखणी आली होती.

थोर उदाहरणे सांगतानाही थोडे सावध असावे. सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जबर जखमी होऊन कमरेखाली अधू झाले आणि १९७२ साली हायडलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक जिंकून आले. अभिमानाने ऊर भरून यावा अशीच ही गोष्ट. पण घरातील मुलाला ती उठता-बसता ऐकविली की तिचे ओझे होते. धडधाकट मुलाला आपण रोज सचिन तेंडुलकर व्हावयास सांगत नाही. त्याला दुकानातून मीठ आणावयास सांगतो. तेच काम खुर्चीतल्या मुलालाही सांगावे. उशीर झाला तर आळणी आमटी एक दिवस चालवून घ्यावी.

आपल्या ख्रिस्तसभेनेही या बाबतीत बरीच वाटचाल केली आहे. १९१७ च्या धर्मसंहितेनुसार शरीराचे काही व्यंग धर्मगुरुपदाच्या आड येत असे. त्याहीपूर्वी, सतराव्या शतकात, कैदेतील छळात बोटे गमावलेल्या संत आयझॅक जोग्स यांना मिस्सा अर्पण करण्यासाठी पोपमहोदयांची खास अनुमती लागली होती. १९८३ च्या संहितेने ही आडकाठी काढून टाकली. कायदा बदलला, तरी वेदीपुढच्या तीन पायऱ्या आहेत तिथेच आहेत. सरकारदरबारी ‘अपंग’चे ‘दिव्यांग’ झाले, याबद्दल आमची तक्रार नाही. पण नव्या शब्दाने पायरी उतरत नाही. रॅम्पचा विषय काढला की ‘खुर्चीवाले येतातच किती?’ असा प्रश्न येतो. चढता येत नाही म्हणून ते येत नाहीत, आणि येत नाहीत म्हणून रॅम्प नाही!

रॅम्प होईल तेव्हा होवो. ध्वनिक्षेपक तर तीन पायऱ्या खाली आजही आणता येतो. ‘पण सर्वांपुढे वाचताना तो अडखळला तर?’ ही आईची भीती आम्ही समजू शकतो. मात्र ‘थेस्सलनीकाकरांस’ या शब्दापाशी आमचे धडधाकट वाचकही अडखळतात आणि त्यांना कोणी घरी बसवीत नाही. रविवारच्या वाचकांची यादी बहुतेक धर्मग्रामांत शनिवार संध्याकाळपर्यंत अपुरीच असते. तिच्यात एक नाव सहज मावेल. फक्त ते घालण्यापूर्वी ज्याचे त्यालाच विचारावे, त्याच्या आईला नव्हे.