दोन पगार, डोकं एकच

ऑगस्ट २०२२ मध्ये विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी मूनलायटिंगला, म्हणजे एक नोकरी सांभाळून गुपचूप दुसरीकडेही काम करण्याला, सरळ फसवणूक म्हटलं. पुढच्याच महिन्यात त्यांनी सांगितलं, की प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठीही काम करणारे ३०० जण सापडले आणि त्यांना काढलं. हर्सूलमध्ये घरून काम करणाऱ्या आम्हा मित्रांत यावर बराच वाद झाला. बहुतेकांचं म्हणणं एकच : काम वेळेत देतोय ना, मग उरलेल्या वेळेचा मालक कोण?

प्रश्न बरोबर आहे, पण तो वेळेचा आहे. कारखाने अधिनियम, १९४८ चं कलम ६० त्यासाठीच होतं : एका कारखान्यात काम केलेल्या कामगाराला त्याच दिवशी सहसा दुसऱ्या कारखान्यात घेता येत नसे. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या मशीनवर याचा अर्थ लगेच कळतो. दमलेल्या माणसाचा हात जातो.

प्रतिस्पर्ध्याची गोष्ट मात्र दमण्याची नाही, गुपिताची आहे. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनने टायर कॉर्डचं तंत्र परदेशी कंपनीकडून गुप्ततेच्या अटीवर घेतलं होतं. तिथले शिफ्ट सुपरवायझर निरंजन शंकर गोलिकरी पाच वर्षांचा करार मध्येच सोडून जास्त पगारावर कोट्याच्या स्पर्धक कंपनीत गेले. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कराराच्या मुदतीपुरतं त्यांना रोखणं योग्य ठरवलं.

यावर मित्रांचा बिनतोड वाटणारा सवाल असतो : आयटी कंपनी स्वतः दोन स्पर्धक बँकांचं काम घेतेच की! तिनं केलं तर धंदा, आपण केलं तर बेइमानी?

फरक आहे. कंपनी दोन वेगळ्या टीम लावते, ॲक्सेस वेगळे ठेवते. माझ्याकडे डोकं एकच. मी एकही फाईल इकडची तिकडे केली नाही, तरी कुठली पद्धत इथे सहा महिने वाया घालवून फसली हे मला ठाऊक असतं. दुसरीकडे कुणी तीच सुचवली, की मी नको म्हणणार. गुपित तिथेच फुटलं. ठरवून विसरता येत नाही.

पण मग नियमानेही तिथेच थांबावं. शनिवारी पोरांना कोडिंग शिकवण्यात किंवा लग्नाचे फोटो काढण्यात कंपनीचं कुठलं गुपित जातं? वीकेंडला बँडमध्ये वाजवण्याबद्दल मोकळेपणाने बोलता येईल, असं खुद्द प्रेमजीही म्हणाले होते. तरी कित्येक नेमणूकपत्रांत ‘कोणतंही अन्य काम’ असा सरसकट शब्द असतो. तो गुपित राखत नाही, आठवड्याचे सातही दिवस मागतो. पगार तर पाचच दिवसांचा असतो.

सही करण्याआधी तेवढं एक कलम वाचा. तिथे ‘प्रतिस्पर्धी’ लिहिलं असेल, तर ते पाळण्यात कमीपणा नाही. ‘कोणतंही’ लिहिलं असेल, तर एचआरला का ते विचारा, आणि उत्तर लेखी मागा.