योशीया राजाने फाडलेली वस्त्रे



जुन्या करारातील राजांचा इतिहास वाचताना आपण बहुधा कंटाळतो. अमुक राजाने इतकी वर्षे राज्य केले व परमेश्वराच्या दृष्टीने जे वाईट ते केले. मग त्याचा पुत्र, मग त्याचा नातू. परंतु राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या २२ व २३ या अध्यायांपाशी मात्र आपण थांबावे.

योशीया यहूदाच्या गादीवर बसला तेव्हा अवघ्या ८ वर्षांचा होता. त्याचा आजोबा मनश्शे याने ५५ वर्षे राज्य केले, परमेश्वराच्या मंदिरातच मूर्ती नेऊन ठेवली आणि स्वतःच्या मुलाचा अग्नीत होम केला. अशा घराण्यात हा मुलगा वाढला. कारकिर्दीच्या १८व्या वर्षी, इ.स.पूर्व ६२२च्या सुमारास, त्याने मंदिराची डागडुजी काढली. (कामावर देखरेख करणाऱ्यांकडून पैशांचा हिशेब मागत नसत, इतके ते प्रामाणिक होते, असे शास्त्र सांगते. आपल्या बांधकाम समित्यांनी हे जरूर वाचावे!)

त्याच वेळी प्रमुख याजक हिल्कीया याला मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. देवाच्या घरातच होता, पण कोणाला त्याची आठवण नव्हती. शाफान चिटणीसाने तो वाचून दाखवताच राजाने आपली वस्त्रे फाडली. पूर्वजांनी देवाचा करार मोडला होता, हे त्याला कळून चुकले.

राजाने हुल्दा या संदेष्ट्रीकडे माणसे पाठवली. उत्तर कठोर आले. या नगरावर अरिष्ट येणारच. मात्र तू नम्र झालास, म्हणून ते तुला पाहावे लागणार नाही.

खरी कसोटी इथे होती. योशीयाचा पणजोबा हिज्कीया हाही भला राजा. पुढे सारे धन बाबेलला नेले जाईल, असे यशयाने त्याला सांगितले तेव्हा, आपल्या हयातीत तरी शांती राहील, एवढ्यावर त्याने समाधान मानले. योशीयालाही तसेच स्वस्थ बसता आले असते. पण त्याने लहानथोर सर्वांना मंदिरात जमवले, ग्रंथ वाचून दाखवला आणि स्तंभापाशी उभे राहून देवाशी करार केला. तोही, अरिष्ट टळणार नाही हे ठाऊक असताना!

आपण देवाकडे कसे जातो? मुलाला नोकरी लागू दे, मग नऊ दिवस नोव्हेनाला येईन. आजार बरा होऊ दे, मग दर रविवारी मिस्सा चुकवणार नाही. योशीयाने अशी अट घातली नाही. इ.स.पूर्व ६०९मध्ये मगिद्दो येथे फारो नखोच्या हातून तो मारला गेला, तेव्हा तो ३९ वर्षांचा होता.

पुढे त्याचा मुलगा यहोयाकीम राजा झाला. पित्याने तो ग्रंथ ऐकला त्याला सुमारे १८ वर्षे झाली होती. यिर्मया संदेष्ट्याची गुंडाळी या राजापुढे वाचली जात होती. हिवाळा होता, समोर शेगडी पेटलेली होती. तीनचार रकाने वाचून झाले की राजा चाकूने तेवढा भाग कापी आणि आगीत टाकी. वस्त्रे कोणीच फाडली नाहीत. नका जाळू, अशी विनवणी करणाऱ्यांत शाफानाचा मुलगा गमऱ्या होता. राजाने ऐकले नाही.

मग यिर्मयाने दुसरी गुंडाळी घेऊन बारूखाला दिली. पहिलीतले सर्व शब्द पुन्हा सांगून लिहवले, आणि त्यांत आणखी पुष्कळ शब्दांची भर घातली.